सतरा मेंढरं

"आण्णा, ही खोडं पांढरी कशानं हैत?"

धुळा कोळेकर बांधावर उभा राहून विचारत होता. बागेत त्यानं अजून पाऊल टाकलं नव्हतं. मागं गाडीवाटेवर त्याची तीनशे मेंढरं माना खाली घालून उभी होती. त्यांच्या मागं एक घोडं, घोड्यावर बिऱ्हाड आणि घोड्याचा कासरा धरलेली त्याची बायको, ठकू.

"चुना आहे," मी म्हणालो.

"नुसता चुनाच?"

"अरे, देवळालासुद्धा चुना मारतात. देव मेलाय का कुठं?"

धुळा हसला नाही. माणदेशातून दर उन्हाळ्यात खाली उतरणारा माणूस, त्याला विनोदापेक्षा गवताचं जास्त कळायचं. "आन फवारा कवा मारलाय?"

"ह्या बागेत विषाचा थेंब नाही, धुळा. चार वर्षं झाली. बोर्ड वाचलास का?"

त्याला वाचता येत नव्हतं, ते मला ठाऊक होतं. वाटेकडेला मी मोठा पत्र्याचा बोर्ड लावला होता, 'विषमुक्त द्राक्षबाग', खाली माझं नाव, भूपाल मगदूम, आणि त्याखाली हात जोडलेला शेतकरी. त्या शेतकऱ्याचं तोंड माझ्यापेक्षा बरं काढलं होतं.

मिरजेच्या पूर्वेला आमच्या भागात मेंढरं बसवायची चाल जुनी आहे. मेंढपाळ रात्री शेतात वाघर लावतो, म्हणजे जाळीचं कुंपण करतो, आणि कळप आत बसवतो. लेंडी आणि मूत थेट मातीत. सकाळी वाघर पुढं सरकते. जोंधळ्याच्या रानात हे पूर्वापार चालायचं. द्राक्षाच्या बागेत कुणी करत नसे, कारण मेंढरू पाला सोडत नाही. मी युक्ती काढली होती. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मांडवावर नुसत्या काड्या उरतात, खायला वर काही नसतं. छाटलेला पाला खाली पडलेला असतो, तो मेंढरांनी खावा आणि त्याचं खत करून द्यावं. तीनशे मेंढरं, सहा रात्री, एकेकाची अर्धा किलो लेंडी धरली तरी नऊ क्विंटल, आणि मूत वेगळं. हा हिशेब मी सहा महिने आधी मांडून ठेवला होता. माणसांचे आणि जनावरांचे असे हिशेब मांडायची मला खोडच आहे.

शिवाय रविवारी शिवारफेरी होती. चार तालुक्यांतले चाळीस बागायतदार माझी बाग बघायला यायचे होते. शेणखत सगळ्यांनी बघितलेलं, जीवामृताची पिंपं सगळ्यांनी बघितलेली. मांडवाखाली बसलेली मेंढरं कुणी बघितली नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातून हिंदुराव मानेची फटफटी आली. हिंदुराव माझा शाळेपासूनचा सोबती. त्याच्या आणि माझ्या बागेत एक बांध, आणि त्या बांधावरून आमचं चाळीस वर्षं भांडण, म्हणजेच मैत्री. परदेशी पाठवलेल्या माझ्या द्राक्षांत फवाऱ्याचा अंश सापडून माल परत आला, तेव्हा मी सेंद्रियाकडं वळलो. लोकांना मात्र सांगायचो की आम्ही जैन, मातीतलं गांडूळ मरायला नको म्हणून वळलो. हिंदुरावला खरं कारण माहीत होतं. तो कुणाला सांगत नसे. तो पोत्यातलं खत घालायचा आणि तसं उघड म्हणायचा.

"धुळा, माझ्याकडं बस की रं ह्या साली," हिंदुराव गाडीवरूनच म्हणाला. "गारपिटीनं माल गेला तवापासनं मी काय फवारलं न्हाई. तीन महिनं झालं."

"तुझ्या मातीत गेल्या सालचा युरिया अजून खदखदतोय," मी म्हणालो. "मेंढरांचे खूर भाजतील."

"बघ धुळा, हा भूपाळ. देवळातला नारळसुद्धा सोलून बघणार, आत पाणी सेंद्रिय हाय का."

ठकू तोंडाला पदर लावून हसली. धुळा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. कळप पुढं नदीकाठाला जायचा होता. ह्या वर्षी आमच्यातल्या एकाच बागेला मिळणार होता.

"त्याच्यात विष आहे, माझ्यात नाही," मी म्हणालो. "मेंढरं तुझी आहेत. तू ठरव."

धुळानं तोंडानं बारीक आवाज काढला, आणि तीनशे मेंढरं माझ्या बागेत शिरली.

हिंदुराव म्हणाला, "जाऊ दे. मेंढरास्नी पाणी माझ्या टाकीवर पाज, धुळा. ह्याच्या हौदाचा तळ दिसतोय." आणि गेला.

दोन रात्री सगळं उत्तम चाललं. सोमवारी पूर्वेच्या ओळी झाल्या, मंगळवारी मधल्या. सकाळी मी मांडवाखालून फिरलो तर पाय लेंड्यांवर पडत होते, आणि मला असं वाटत होतं की कुणी गालिचा अंथरलाय. पाला साफ. ठकू संध्याकाळी मेंढरं हिंदुरावच्या टाकीवर नेऊन पाणी पाजून आणायची.

गुरुवारी झुंजूमुंजू व्हायच्या वेळेला धुळानं दार वाजवलं.

"आण्णा, मेंढरं पडायला लागल्यात."

मी गेलो तेव्हा पाच मेली होती. दहाबारा जमिनीवर पडून मान मागं टाकत होती. एका गाभण मेंढीचे डोळे धुळानं बोटानं उघडून दाखवले. पांढऱ्याच्या जागी हळद. ठकू एका कोकराच्या तोंडात ताक ओतत होती आणि ते ताक गालफाडातून परत येत होतं.

"काय खाल्लंय ह्यांनी?" धुळा मला नाही, स्वतःला विचारत होता. मग मला म्हणाला, "डाक्टरला फोन लावा. मी हिंदुरावमालकास्नी बलवून आणतो. पाणी त्यांच्यातलं हाय."

तो गेला. मी मेलेल्या मेंढरांमधून चालत राहिलो. उजेड वाढत होता. वाघरीच्या कोपऱ्यात, जिथं सगळ्यात आधी पडलेली मेंढी होती, तिथं तिची हगवण पसरली होती. ती निळी होती. निळसर हिरवी, मोराच्या मानेसारखी.

मी चुना म्हणालो होतो. खोडावर चुनाच होता, पण त्यात मोरचूद, तांब्याचा निळा क्षार, कालवलेला होता. बोर्डो म्हणतात त्याला, द्राक्षवाल्यांच्या घरात मिठासारखा असतो. छाटणीआधी आठ दिवस मी तो खोडालाच नव्हे, सगळ्या पाल्यावर मारला होता. सेंद्रियात त्याला परवानगी आहे. प्रमाणपत्रवाल्यांच्या पुस्तिकेत तो परवानगीच्या यादीत आहे, म्हणून माझ्या लेखी ते औषधही नव्हतं आणि विषही नव्हतं. पण मेंढपाळ खूर सडले की मोरचुदाच्या पाण्यात मेंढरं उभी करतात आणि त्या पाण्याला तोंड लावू देत नाहीत, हेसुद्धा मला माहीत होतं. धुळानं विचारलं तेव्हा मोरचूद हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला, कारण तो ऐकून धुळा हिंदुरावकडं गेला असता.

मी खोऱ्या आणला आणि त्या कोपऱ्यातली माती उलटी केली. मग दुसऱ्या कोपऱ्यातली. ठकूची पाठ माझ्याकडं होती. ती कोकराला काहीतरी सांगत होती, लहान पोराला सांगतात तसं.

डॉक्टर आले तोवर अकरा गेली होती. तरुण होते, मुलूख नवा, उन्हानं वैतागलेले. त्यांनी जिवंत मेंढरांना सुया दिल्या आणि मला विचारलं, "बागेत काय फवारलंय?"

"माझं सगळं सेंद्रिय आहे," मी म्हणालो.

त्यांनी बोर्डाकडं बघितलं. "मग इथलं नाही. पाणी कुठलं पाजलं?"

हिंदुराव तिथंच उभा होता. त्याचं तोंड उतरलेलं होतं. "माझ्यातलं," तो म्हणाला. "टाकीत गेल्या आठवड्यात मी युरिया इरगळला हुता. उसाला सोडायला. टाकी धुतली हुती मी. धुतली हुती असं वाटतंय."

"वाटतंय म्हणजे?"

"गड्याला सांगितलं हुतं."

डॉक्टरांनी मान हलवली. सगळ्यांना एकदम उलगडा झाला. तो उलगडा इतका नीट बसला की मलाही क्षणभर खरा वाटला. एकीकडं पोत्यातलं खत घालणारा हिंदुराव, दुसरीकडं हात जोडलेला शेतकरी. मेंढरं कुणामुळं मरणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"त्या टाकीतलं पाणी मीबी प्याले की," ठकू म्हणाली. "रोज पितीया. मला काय झालंय?"

"माणसाचं वेगळं, जनावराचं वेगळं," डॉक्टर म्हणाले.

"खरंय," मी म्हणालो.

धुळा वळला आणि हातातली काठी ठकूच्या पाठीत घातली. एकदाच. "तुला कुणी सांगितलं हुतं दुसऱ्याच्या टाकीवर न्यायला?" हिंदुरावनंच सांगितलं होतं, आमच्या सगळ्यांच्या देखत. ठकूनं ते बोलून दाखवलं नाही. ती जमिनीवर बसली आणि कोकराचं डोकं मांडीवर घेतलं.

मी पुढं झालो आणि धुळाची काठी धरली. "राहू दे धुळा," मी म्हणालो. "माणूस चुकतं."

पुढं नऊ वर्षं हे वाक्य मला ऐकू येत होतं, माझ्याच आवाजात.

डॉक्टर म्हणाले, एक मेंढरू फाडून बघायला पाहिजे, नक्की कळेल. मी म्हणालो, साहेब, ऊन बघा, वास सुटेल, बाकीच्यांना रोग लागेल. आणि धुळाचं दुःख मी अंगावर घेतलं, म्हणजे खड्डा खणायला यंत्र बोलावलं, बागेच्या कडेला आठ फूट खणलं आणि तोवर सतरावर गेलेली मेलेली मेंढरं त्यात घातली. वर मीठ टाकलं, चुना टाकला. ह्या वेळी नुसता चुना. सगळं माझ्या खर्चानं. धुळानं माझ्या पायाला हात लावला. मी त्याला उठवलं. त्या खड्ड्याजवळच्या ओळीला पुढच्या वर्षी वेलीमागं आठ घड जास्त आले, आणि मी ते मोजले.

हिंदुरावनं त्याच दिवशी आपली दुभती म्हैस धुळाला देऊ केली. मेंढपाळ म्हैस घेऊन काय करणार? त्यानं नाही म्हटलं. मग हिंदुराव बाजारात जाऊन सात गाभण मेंढ्या घेऊन आला. सतरा त्याला जमल्या नाहीत. धुळानं त्या घेतल्या, शुक्रवारी बिऱ्हाड उचललं, आणि पुन्हा आमच्या शिवारात आला नाही.

रविवारी शिवारफेरी झाली. चाळीस बागायतदार आले. मेंढरं नव्हती, पण लेंडी होती. शेजारच्या बागेतल्या रसायनानं काय झालं, ते मी सांगितलं नाही. मी सांगायची गरजच नव्हती. लोकांनी आधीच ऐकलं होतं.

सोमवारी हिंदुराव माझ्या ओट्यावर येऊन बसला. "मला शिकव," म्हणाला.

त्याला शिकवलं मी. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती, पिंप कधी ढवळायचं, ताग कधी पेरून कधी गाडायचा, गांडूळखताचा गादीवाफा कसा करायचा. तो चांगला विद्यार्थी होता, कारण त्याला पश्चात्ताप झाला होता. मला फक्त नफा दिसला होता. तीन वर्षांत त्याची माती माझ्या मातीपेक्षा मऊ झाली; मूठ आवळली की लाडू व्हायचा, टिचकी मारली की फुटायचा. आमचा गट झाला, बावीस जणांचा. प्रत्येक बैठकीत हिंदुराव उठायचा आणि गोष्ट सांगायचा. "माझ्या युरियानं सतरा मेंढरं गेली," अशी सुरुवात. शेवटाला माझ्याकडं हात करायचा. "आन ह्या भूपाळआण्णानं खड्डा काढून दिला, एका शब्दानं बोलला न्हाई मला, उलट पयलं जीवामृत ह्याच्या पिंपातलं दिलं." मग टाळ्या. मी हात जोडायचो. बोर्डावरच्या शेतकऱ्यासारखा.

एकदा तरी सांगावं असं मला वाटलं नाही का? वाटलं. दरवर्षी खरड छाटणीला वाटायचं, आणि पाऊस पडला की जायचं.

नवव्या वर्षी एप्रिलात हिंदुराव सकाळीच आला, उजळलेल्या तोंडानं.

"धुळा गावला. आटपाडीच्या बाजारात. पाय धरले मी त्याचे. येतोय, आजच येतोय. माझ्या बागेत बसवणार मेंढरं. भूपाळ, आता माझ्या मातीत इष न्हाई. त्यानं बघावं एकदा."

"छाटणी झाली तुझी?"

"परवाच झाली. पाला हाय भरपूर खाली."

मला पुढचं विचारायचं नव्हतं. "बोर्डो?"

"तर. तूच सांगितलंस की, छाटणीआधी मारायचा. आठवडा झाला."

वाटेवर घोड्याची घुंगरं वाजली. धुळा म्हातारा दिसत होता, ठकू जास्त. कळप दोनशेवर आला होता. हिंदुराव धावत पुढं गेला, धुळाच्या गळ्यात पडला, ठकूला 'वैनी' म्हणाला. धुळानं बांधावर उभं राहून बाग बघितली. ह्या वेळी त्यानं काहीच विचारलं नाही. हिंदुरावचा शब्द त्याला पुरेसा होता. त्यानं तोंडानं तो बारीक आवाज काढला.

"धुळा, थांबव," मी म्हणालो.

मेंढरं थांबली.

"पाल्यावर मोरचूद आहे."

"मोरचूद?" धुळा म्हणाला.

"सेंद्रियातलाच हाय त्यो," हिंदुराव म्हणाला. "चालतो. आण्णाच्या पुस्तकात हाय."

"बागेला चालतो. मेंढराला चालत नाही. पोटात गेला तर जातं."

धुळा माझ्याकडं बघत राहिला. सगळ्यांच्या आधी त्याला कळलं. मेंढपाळाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली गोष्ट मी त्याला शिकवत होतो, आणि शिकवताना माझं तोंड कसं झालं असेल, ते मला दिसत नव्हतं, त्याला दिसत होतं.

"त्या सालीबी हुता?" त्यानं विचारलं.

"होता. चुन्यात कालवलेला. पाल्यावरही."

"तुमास्नी ठावं हुतं?"

"तू विचारलंस तेव्हा अर्धं. सकाळी हगवण निळी दिसली तेव्हा सगळं. मी माती उलटी केली."

एक मेंढरू शिंकलं. धुळा वळला आणि बायकोच्या हातातला घोड्याचा कासरा आपल्या हातात घेतला. ठकू त्याच्याकडं बघायला लागली, कारण कासरा तिनंच धरायचा असतो. "चल," तो तिला म्हणाला. "तू म्होरं चाल." ती पुढं झाली. माझ्यासमोरून जाताना तिनं पदर सारखा केला आणि मी तिथं नसल्यासारखी गेली. कळप ओढ्यापलीकडच्या पडीक रानाकडं निघाला.

हिंदुराव बांधावर बसला. मीही बसलो, त्याच्यापासून चार हातांवर.

"शिव्या घाल," मी म्हणालो.

"शिव्या घालून काय करू?" तो बराच वेळ ढेकळं फोडत राहिला. "सात मेंढ्या घेताना बायकोची पाटली मोडली हुती मी. तुला सांगितलं न्हवतं."

"मी परवाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगतो."

"न्हाई."

"का?"

"बावीस घरांनी माझं बगून पोती सोडली, भूपाळ. माझी सतरा मेंढरं ऐकून. माझ्या पोरानं सोडली. आता काय सांगू त्यास्नी, की सेंद्रियवाल्याच्या बागेत मेली? मोरचूद नि शेण ह्यातला फरक कोण ऐकत बसतंय? दुसऱ्या दिवशी पोती येत्याल." तो उठला, हात झटकले. "मोरचूद मारल्यावर मेंढरं बसवायची न्हाईत, एवढं मी सगळ्यांच्या वहीत लिहून घेतो. बाकीचं माझ्याकडंच ऱ्हाऊ दे. नऊ वर्षं हायच की."

मला पहिल्यांदा काय वाटलं, ते सांगायला हवं, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, तो बांधावरून उतरून पाठमोरा दिसायला लागल्यावर. आणि मी त्याला परत हाक मारली नाही.

बैठक समाजमंदिरात होती. नवीन सहाजण आले होते, म्हणून हिंदुरावला गोष्ट सांगायला उठवलं. तो उठला. "माझ्या युरियानं सतरा मेंढरं गेली," त्यानं सुरुवात केली, आणि सगळी गोष्ट सांगितली: टाकी, डॉक्टर, ठकू, म्हैस. एक शब्द इकडचा तिकडं नाही. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळं त्याचा आवाज मध्येच बारीक होत होता, आणि नव्या लोकांना वाटलं की त्याला गहिवरून आलंय. शेवटाला गोष्ट माझ्या नावापर्यंत आली. मी पुढच्याच रांगेत होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं, तांब्या उचलून दोन घोट पाणी प्यायला, आणि खाली बसला.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

शेजारचा आप्पासो माझ्याकडं वाकून म्हणाला, "आण्णा, आज तुमचं नाव ऱ्हायलं की ओ सांगायचं."

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.